धुरांड्याचं वय

पहिला दिवस : कल्याण ते नागपूर, दुपारनंतर कोराडी

विदर्भ एक्स्प्रेस पहाटे बडनेरा सोडून पुढे आली आणि कुठल्याशा लहान स्टेशनाबाहेर थांबली. शेजारच्या रुळावरून कोळशाची मालगाडी चालली होती. माझी बोटं आपोआप मोजायला लागली. 58 वाघिणी. मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात हे मला चौथीत कळलं. तोवर बाबा रात्रपाळीवरून आले की "आज नऊ गाड्या वाघिणी उतरल्या" असं आईला सांगायचे, आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या ताडोब्याच्या वाघिणी रांगेनं थर्मलच्या, म्हणजे औष्णिक वीज केंद्राच्या, फाटकातून आत शिरताना बघायची.

अशा एका गाडीत चार हजार टनांच्या आसपास कोळसा असतो. वीज तयार करणारा 500 मेगावॅटचा एक संच पूर्ण ताकदीनं चालला तर तेवढा कोळसा त्याला एक दिवसही पुरत नाही. हे गणित मी दर वर्षी अकरावीच्या वर्गात फळ्यावर मांडते. गेल्या वर्षी त्याच्या पुढचं एक गणित मांडलं आणि तिथंच अडकले. हा प्रवास त्यामुळे घडला.

2010 साली 'सायन्स' या नियतकालिकात स्टीव्हन डेव्हिस, केन कॅल्डेरा आणि डेमन मॅथ्यूज यांचा एक निबंध आला. त्यांनी प्रश्न अगदी साधा घेतला होता. आजपासून कोळसा, तेल किंवा वायू जाळणारं एकही नवं केंद्र, कारखाना वा वाहन बांधलं नाही आणि जे आहे ते त्याचं आयुष्य संपेपर्यंत चालवलं, तर आणखी किती कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल? उत्तर आलं सुमारे 496 अब्ज टन, आणि तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत 1.3 अंशांच्या आसपास थांबेल. म्हणजे खरा धोका त्या वेळी अजून बांधायचाच होता. 2019 मध्ये 'नेचर'मध्ये तोच हिशेब पुन्हा झाला, तेव्हा आकडा 658 अब्ज टनांवर गेला होता. त्यातला निम्म्याहून जास्त वाटा वीज केंद्रांचा, आणि देशांमध्ये सगळ्यात मोठा चीनचा. मधल्या नऊ वर्षांत जगानं भरच घातली.

हे सांगत असताना मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमच्या बाबांच्या प्लांटचे त्यात किती?" मला सांगता आलं नाही. माझा जन्म चंद्रपूरच्या ऊर्जानगर वसाहतीतला, बारावीपर्यंत तिथंच वाढले. गणित घरी बसूनही झालं असतं, पण मला ती जागा पुन्हा एकदा, हा आकडा डोक्यात ठेवून, डोळ्यांनी बघायची होती. आईनं मामासाठी हापूसची पेटी दिली आणि निघाले.

नागपूरला मैत्रीण गाडी घेऊन आली होती. तर्री पोहे झाले, दुपार तिच्या घरी कूलरसमोर काढली. बाहेर 43 अंश. चार वाजता तोंडाला दुपट्टे बांधून कोराडीला निघालो.

कोराडीला लोक महालक्ष्मी जगदंबेच्या दर्शनाला येतात. आम्ही देवळात जाऊन आलो आणि तलावाच्या बाजूनं इथल्या औष्णिक केंद्राकडे बघत उभ्या राहिलो. 660 मेगावॅटचे तीन संच आणि एक जुना 210 चा. बाबा कधी इकडे कामाला आले की म्हणायचे, कोराडी म्हणजे आमचा मोठा भाऊ. इथला पहिला संच 1974 चा, 120 मेगावॅटचा. ते जुने छोटे संच कधीच बंद झाले, आणि त्यांच्यामागून हे 660 चे आले. आता आणखी दोन, प्रत्येकी 660 चे, इथंच व्हायचे आहेत. त्यांची जनसुनावणी 29 मे 2023 ला झाली. मैत्रीण गेली होती.

"इतकं ऊन होतं ना, बाया पदरानं वारा घेऊन राहिल्या होत्या," ती म्हणाली. "आणि विषय काय, तर अजून दोन धुरांडी."

तलावाच्या काठावर बसून मी वहीत हिशेब केला. दोन संच, 1320 मेगावॅट, वर्षभरात सरासरी 70 टक्के क्षमतेनं चालले असं धरलं तर 800 कोटींहून जास्त युनिट. नव्या, चांगल्या संचातही एका युनिटमागे पाऊण ते एक किलोच्या मध्ये कार्बन डायऑक्साइड निघतो; मी पावणेनऊशे ग्रॅम धरले. वर्षाला 70 लाख टनांच्या वर. 40 वर्षं चालले तर 28 कोटी टन. मैत्रिणीला वही दाखवली. ती बराच वेळ वाचत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे हे आजच ठरून राहिलं का?" हो. पाया भरला, बँकेचं कर्ज उचललं, वीज खरेदीचा 25 वर्षांचा करार झाला, की नंतर कोणी आलं तरी ते बंद करणं फार अवघड. कर्ज फिटेपर्यंत तरी चालवावंच लागतं, आणि कर्ज फिटल्यावर वीज स्वस्त पडते म्हणून चालवतात.

परतताना खसाळ्याच्या बाजूनं आलो. जुलै 2022 च्या मुसळधार पावसात इथला केंद्राच्या राखेचा बांध फुटला होता. राखेचा गाळ कोलार नदीत, तिथून कन्हानमध्ये गेला. नागपूरला कन्हानचं पाणी जातं. शेताच्या धुऱ्यावर एक आजी शेण्या गोळा करत होत्या. त्यांनी पायानं माती उकरून दाखवली. वर काळी माती, खाली बोटभर राखाडी थर, त्याखाली पुन्हा काळी. पोळीत भरलेल्या पुरणासारखा. "नांगर घातला तं वर येते, पाणी देल्लं तं खाली जाते," त्या म्हणाल्या. मी तो थर बोटांत चोळून पाहिला. टाल्कम पावडरीसारखा मऊ होता. ऊर्जानगरमध्ये खिडकीच्या गजांवर बसायची ती हीच.

दुसरा दिवस : नागपूर, वरोरा, ऊर्जानगर

सकाळी साडेसहाची एसटी पकडली. बुटीबोरी, जांब, वरोरा, भद्रावती, चंद्रपूर, दीडशे किलोमीटर. वरोऱ्याला बस दहा मिनिटं थांबली.

वरोरा म्हटलं की सगळ्यांना आनंदवन आठवतं. मला आणखी एक गोष्ट आठवते, कारण ती बाबांनी इथूनच जाताना सांगितली होती. इंग्रज सरकारनं 1871 मध्ये इथं कोळशाची खाण सुरू केली. तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली. 1906 मध्ये, फायद्याचा कोळसा संपल्यावर, खाण बंद पडली. पस्तीस वर्षं. पण रूळ राहिले. ते बल्लारपूरच्या नव्या खाणीकडे पुढे गेले, आणि 1929 मध्ये काझीपेठच्या बाजूनं येणाऱ्या मार्गाला जोडले गेले तेव्हा दिल्ली-मद्रास हा सरळ मार्ग झाला. आज त्याच मार्गावरून कोळसा धावतो. एका खाणीसाठी टाकलेल्या रुळांनी पुढच्या कित्येक खाणी कुठं होणार, केंद्रं कुठं होणार, हे ठरवून टाकलं. नव्या बांधकामाबद्दल कोणी "हे काय, दोनच संच" म्हणालं की मला वरोरा आठवतं. संच एकटा कधीच येत नाही. त्याच्या मागून सायडिंग, राखेचे तलाव, धरण, वसाहत, शाळा, पगार, गणपती मंडळ सगळं येतं, आणि त्या सगळ्याला तो चालू राहायला हवा असतो.

चंद्रपूर जवळ आलं की आधी धुरांडी दिसतात, मग कूलिंग टॉवर, मग गाव. शाळेच्या सहलीहून परत येताना धुरांडी दिसली की आम्ही सगळी मुलं "आलं, आलं" म्हणून ओरडायचो. यंदाही छातीत तसंच काहीतरी हललं. हे लपवण्यात अर्थ नाही. त्या धुरावर मी वाढले. माझी फी, माझी सायकल, माझ्या आईच्या हातातल्या दोन बांगड्या त्यातूनच आल्या.

ऊर्जानगरच्या फाटकावर नाव लिहून आत गेले. केंद्रात जायची परवानगी नव्हती, वसाहतीतून फिरता आलं. आमचं क्वार्टर बंद होतं. अंगणातलं कडुनिंबाचं झाड आता दुमजली इमारतीच्या वर गेलंय. तारेवर कुणीतरी पांढरी चादर वाळत घातली होती. आई पांढरं काही बाहेर वाळत घालायची नाही. वारा खदानीकडून आला की पांढऱ्यावर काळं बसायचं, टॉवरच्या बाजूनं आला की राखाडी. मी चादरीवरून बोट फिरवलं. राखाडी.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2009 मध्ये देशातल्या 88 औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले होते, त्यात चंद्रपूर चौथं आलं. कॉलनीतल्या आयांना तो आकडा नको होता, त्यांच्याकडे दोरीवरचे कपडे होते.

बाबांचे एक सहकारी, आम्ही त्यांना काका म्हणतो, निवृत्तीनंतर जवळच घर बांधून राहतात. काकूंनी कैरीचं पन्हं दिलं. काकांनी पाटी-पेन्सिल घेतल्यासारखं संचांचं वय सांगायला सुरुवात केली. पहिला 1983, दुसरा 1984, तिसरा 1985, चौथा 1986. हे चार 210 चे. पाचवा 1991, सहावा 1992, सातवा 1997. हे 500 चे. आठवा-नववा 2016, तेही 500 चे. पहिले दोन तीन दशकं चालून बंद झाले. आज उरले 2920 मेगावॅट.

मी त्या सालांपुढे माझे आकडे लिहिले, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे, हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेतले. पहिला संच सुरू झाला तेव्हा दहा लाखांत 343 भाग. सातवा सुरू झाला तेव्हा 364. आठवा-नववा, 404. 2024 मध्ये 424 च्या वर. काकांनी चष्मा वर करून तो कागद दोनदा वाचला.

"हे आम्ही केलं असं म्हणतेस?"

"नाही काका. जगानं केलं. पण जगानं हे असंच केलं, एकेक संच करत."

हे बोलून मला वाईट वाटलं, कारण हा माणूस आणि माझे बाबा दिवाळीच्या रात्री कंट्रोल रूममध्ये बसायचे म्हणून मुंबईत कंदील लागायचे. तेही अक्षरशः खरं आहे. 1999 पासून चंद्रपूरहून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत 752 किलोमीटरची उच्चदाब एकदिश वाहिनी आहे, 500 किलोव्होल्टची, 1500 मेगावॅट नेणारी. माझ्या कल्याणच्या घरातला पंखा आणि दोरीवरची ती चादर एकाच तारेच्या दोन टोकांना आहेत. भारतातल्या माणसामागे वर्षाला दोनेक टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेतल्या माणसामागे त्याच्या सहा-सात पट. हे मी वर्गात ठासून सांगते आणि सांगत राहीन. पण भारताच्या आत पुन्हा एक चंद्रपूर असतं आणि एक कल्याण असतं, हे सांगायला मी आजवर विसरत होते.

काका हाडाचे इंजिनीअर. त्यांनी मुद्दा सोडला नाही. "सोलर सोलर म्हणतेस, ठीक आहे. संध्याकाळी सात वाजता सूर्य कुठं असतो? आणि नवा संच त्याच कोळशात जास्त वीज देतो. जुने 210 चे काढून नवे घातले तर फायदाच आहे ना?" हा प्रश्न मला टाळायचा नाही. जुना संच बंद करून नवा घातला तर युनिटमागचा धूर कमी होतो, हे बरोबर. पण जुन्याला पाच-दहा वर्षं उरलेली असतात आणि नव्याला चाळीस. धूर कमी आणि आयुष्य चौपट. संध्याकाळच्या विजेसाठी बॅटऱ्या आहेत, आणि पाणी दिवसा वर चढवून रात्री खाली सोडायची केंद्रं आहेत. घाटघरला आपल्याकडे 250 मेगावॅटचं असं केंद्र कधीचं चालू आहे. काका म्हणाले, "घाटघर 250. बाकीचं कुठून आणशील?" मी म्हटलं, "1983 मध्ये बाकीचं चंद्रपूर कुठं होतं?" ते हसले. काकूंनी जेवायला थांबवलं.

रात्री दुर्गापूरला मामाकडे. मामा वेस्टर्न कोलफिल्ड्समध्ये, म्हणजे इकडच्या भाषेत वेकोलित, ओपनकास्टला, म्हणजे उघड्या खदानीत, शॉवेल या उपसायच्या यंत्रावर ऑपरेटर होते. अंगणात खाटा टाकल्या होत्या, पण मामीनं आतच झोपवलं. पूर्वी उन्हाळाभर सगळे बाहेर झोपायचो. आता बिबट आणि वाघ गल्लीपर्यंत येतात. फेब्रुवारी 2022 मध्ये तर थर्मलच्या आवारातच वाघानं एका कामगाराला मारलं. खदानीच्या मातीचे ढिगारे, त्यांवर उगवलेली काटेरी बाभूळ, आणि मागे ताडोब्याचं जंगल. वाघाला हद्द कुठं संपते ते कसं कळावं. लहानपणी गोधडीत पाहिलेल्या त्या रांगेची आठवण झाली आणि बराच वेळ झोप लागली नाही.

तिसरा दिवस : खदान, घुग्घुस, इरई

मामानं पहाटे पाचलाच उठवलं. "ऊन तापाच्या आंधी पाहून येऊ. मंग तुह्यानं होत नाही."

पद्मापूरच्या बाजूला एका उंच ढिगाऱ्यावर चढलो. खाली ओपनकास्ट खदान. पायऱ्या पायऱ्यांनी खोल गेलेली, तळाशी पाणी साठलेलं, आणि डंपर मुंगळ्यांएवढे. मामा बोटानं थर दाखवत होते. वरची काळी माती, मग पिवळसर, मग वाळूखडक, आणि सगळ्यात खाली चकाकणारा काळा पट्टा. वरचं सगळं काढून बाजूला टाकायचं, त्याचेच हे डोंगर. मामाच्या भाषेत ओबी. मी उभी होते तो डोंगर माझ्या लहानपणी नव्हता.

"इथं आपली तूर राहायची," मामा म्हणाले. इथं म्हणजे ढिगाऱ्याच्या खाली नाही, खड्ड्याच्या मध्यावर, हवेत. मामाच्या वडिलांची जमीन कोळशासाठी संपादित झाली. 1957 चा एक खास कायदा आहे, कोळसाक्षेत्रातली जमीन घेण्यासाठीच केलेला. जमिनीच्या बदल्यात मामाला नोकरी लागली, आणि स्वतःच्या बापाचं शेत उपसायला ते शॉवेलवर बसले. हे ते रागानं सांगत नाहीत. नोकरी चांगली होती, मुलं शिकली.

घरी आल्यावर मामानं ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेला एक दगड काढला. तळहाताएवढा करडा, चपटा शेल. त्यावर एक पान. देठापासून टोकापर्यंत मधली शीर, तिच्यापासून दोन्ही बाजूंना जाळीसारख्या बारीक शिरा. जिभेच्या आकाराचं पान. मी ओळखलं, ग्लॉसोप्टेरिस. पंचवीस कोटी वर्षांहून जुनं. गोंडवन खंडावर वाढलेलं झाड. त्या खंडाला हे नाव इथल्याच गोंडांच्या मुलखावरून पडलं. मामाला नाव माहीत नव्हतं. शॉवेलच्या दातात अडकून वर आलेला दगड त्यांनी "पान पाहून" खिशात घातला होता.

मी दगड हातात घेऊन कितीतरी वेळ बसले. या पानानं हवेतला कार्बन घेतला, पडलं, चिखलात दबलं, आणि जिथं होतं तिथं राहिलं. खदानीतून निघालेला कोळसा महिना-दोन महिन्यांत भुकटी होऊन बॉयलरमध्ये जातो आणि काही सेकंदांत जळतो. मग तोच कार्बन पुन्हा हवेत. त्यातला बराचसा शेकडो वर्षं तिथंच राहतो, थोडा हजारो वर्षं. कुठल्याही पुस्तकातल्या आलेखानं मला हे इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

नऊच्या सुमारास मामाच्या नातवाबरोबर घुग्घुसला जाऊन आले. ऑगस्ट 2022 मध्ये इथल्या अमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं होतं. खाली ब्रिटिशकाळापासूनच्या भूमिगत खदानी. घरातली माणसं वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली. तिथं फार थांबलो नाही. लोक अजूनही राहतात आणि बाहेरच्यांनी येऊन बघत राहणं त्यांना आवडत नाही, जे अगदी योग्य आहे.

दुपार कूलरसमोर. संध्याकाळी इरई धरणावर. मोहर्ली रस्त्यावरून जिप्सी जात होत्या, पर्यटक उतरून पाण्याचे फोटो काढत होते. पाणी बरंच मागे गेलं होतं. थर्मलचं पाणी इथून जातं. वीज करायला कोळशाइतकीच पाण्याचीही गरज असते, ही गोष्ट उन्हाळ्यात लक्षात येते. 2010 च्या उन्हाळ्यात इरई आटलं आणि इथले संच थांबवावे लागले. 2013 च्या दुष्काळात परळीचं अख्खं केंद्र पाण्यावाचून बंद होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. उष्णता वाढवणारी यंत्रं वाढत्या उष्णतेत स्वतःच अडखळतात, आणि नेमकी त्याच दिवसांत, जेव्हा कूलर आणि पंप सगळ्यात जास्त चालतात.

काठावर बसून मामाच्या नातवाला मी एक गोष्ट समजावून सांगितली, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लोकांना वाटतं की आजवरचा धूर हवेत आहेच, तेव्हा आता काहीही केलं तरी तापमान चढतच जाणार. तसं नाही. आज जगभरातला कार्बन डायऑक्साइड सोडणं पूर्ण थांबलं तर तापमान साधारण आहे तिथंच थांबतं. उतरत नाही, पण फारसं चढतही नाही. म्हणजे पुढची वाढ ही जुन्या धुरात नाही. ती उभ्या असलेल्या आणि उद्या उभ्या राहणाऱ्या धुरांड्यांमध्ये आहे, रिफायनऱ्यांमध्ये, सिमेंटच्या भट्ट्यांमध्ये, गाड्यांच्या इंजिनांमध्ये. मोजता येते. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या, सहाव्या अहवालात मोजली आहे. आहे ते सगळं नेहमीसारखं चालवलं तर आणखी सुमारे 660 अब्ज टन, आणि ज्यांची योजना झाली आहे ते धरलं तर सुमारे 850. आणि तापमानवाढ दीड अंशाच्या आत राहण्याची अर्धी-अर्धी शक्यता हवी असेल तर 2020 च्या सुरुवातीपासून परवडणारे होते 500 अब्ज टन. जग दर वर्षी 40 च्या आसपास सोडतं, त्यामुळे त्यातले जवळपास निम्मे आताच संपले.

"मंग झालंच की आत्या. 500 होते आणि 660 तं बांधून ठेवलेत," तो म्हणाला.

त्याचं गणित बरोबर आहे. दीड अंशाचं दार त्या यंत्रांना त्यांचं पूर्ण आयुष्य जगू देऊन उघडं राहत नाही. पण त्या 660 अब्ज टनांतले प्रत्येक शंभर अब्ज टन म्हणजे साधारण एक विसांश अंश. चंद्रपूरसारख्या गावात, जिथं पारा 47-48 वर जातो, तिथं हातगाडीवाल्याला, वीटभट्टीवरच्या बाईला तो विसांश अंशही नको आहे. आणि केंद्र सरकारनं 2023 च्या अखेरीस सांगितलंय की 2031-32 पर्यंत कोळशाची आणखी सुमारे 80 हजार मेगावॅट क्षमता उभारायची. आपण 2070 मध्ये नक्त शून्यावर येऊ, म्हणजे हवेत सोडू तेवढा कार्बन परत शोषून घेऊ, असं ग्लासगोत जगाला सांगितलं आहे. 2030 मध्ये सुरू झालेला संच चाळीस वर्षं चालला तर 2070 च्या सकाळीही तो धूर सोडत असेल. बांधलेलं लवकर बंद करायला फार पैसा आणि फार धैर्य लागतं. न बांधायला त्या मानानं कमी लागतं. म्हणून मला कोराडीचे ते दोन संच नको आहेत. मैत्रिणीला मी रात्री फोन करून सांगितलं की पुढच्या वेळी मी येईन, सुट्टी काढून येईन.

चौथा दिवस : दुर्गापूर ते बल्लारशा

संध्याकाळची गाडी होती. मामाचा नातू मोटरसायकलवर सोडायला निघाला. आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे, तेवीस वर्षांचा. दीड वर्षापासून एका ठेकेदाराकडे सौर पंप बसवायचं काम करतो. विसापूरच्या अलीकडे फोन आला, एका शेतकऱ्याचा पंप बंद पडला होता. "आत्या, पाच मिनिटं थांबायचं का? रस्त्यातच आहे."

पाच एचपीचा पंप, बांधावर पॅनेलच्या दोन रांगा. तो पॅनेलखाली आडवा झाला आणि केबल हातानं चाचपत गेला. मग हाक मारून दाखवलं. उंदरानं वायर कुरतडली होती, तांबं दिसत होतं. त्यानं तेवढा तुकडा कापला, नवं टोक सोललं, कनेक्टर दाबून बसवला, दोन्ही बाजू ओढून पाहिल्या, आणि कंट्रोलरचं बटण दाबलं. आधी पाइपातून हवा, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. शेतकरी म्हणाला, पहिले रात्री दोनला लाइन यायची, टॉर्च घेऊन यावं लागे, साप निघत. आता दिवसा ओलित होते.

मला फार आनंद झाला आणि मी तो बोलून दाखवला. म्हटलं, बघ, तुझ्या हातात हेच काम आहे. त्यानं हात फडक्याला पुसले. "काम चांगलं आहे आत्या. पण पगार तीन महिने नाही झाला. पीएफ नाही. पुढच्या वर्षी ठेकेदार दुसरा, तं मी राहीन का नाही, माहीत नाही."

स्टेशनवर गाडी तासभर उशिरा होती. फलाटावरच्या पंख्याखाली बसलो. समोरून भरलेली मालगाडी गेली. त्यानं मोजली नाही, मीही नाही. मग त्यानं मोबाइल पुढे केला. तंत्रज्ञ पदाचा अर्ज होता, औष्णिक केंद्रासाठी. नेमणूक झाली तर पहिली पसंती कोराडी, नवे संच होणार म्हणून. इंग्रजीत भरायचा होता आणि शेवटची तारीख परवा.

"एकदा पाहता का, काही चुकलं तं नाही ना?"

लागला तर तो 2060 च्या आसपास निवृत्त होईल, हे माझ्या डोक्यात आपोआप आलं. पेन्शन नसेल, पण पगार वेळेवर होईल, आजारी पडला तर रजा मिळेल, वसाहतीत क्वार्टर मिळेल. बाबांना जे मिळालं ते. सौर पंपाच्या कामात त्याला यातलं काहीही कोणी देऊ केलेलं नाही. न बांधायचं म्हणताना हेही बांधायला लागेल, त्याच्या नावानं, कागदावर, हे मी तोवर कधी बोलले नव्हते.

मी मोबाइल घेतला आणि सावकाश वाचला. वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त होतं. आयटीआय पास झाल्याचं वर्ष चुकलं होतं. अनुभवाच्या रकान्यात त्यानं काहीच लिहिलं नव्हतं. मी विचारलं, आतापर्यंत किती पंप बसवलेस? तो म्हणाला, 112. मी ते लिहिलं, पंपांची क्षमता लिहिली, दुरुस्तीचं काम लिहिलं. त्यानं वाचून पाहिलं आणि सबमिट दाबलं.